दसरा ते कोजागरी, दोन बॅटऱ्यांवर

दिवस पहिला: मुंबई, चंडीगड, नारकंडा

खंडेनवमी. एरवी या दिवशी माझा कॅमेरा देवासमोर पाटावर असतो. यंदा मी आणि भाचा हिमाचलातल्या स्पितीला निघालो होतो, पहाटे चार वाजता कॅमेरा माझ्या मांडीवर होता आणि मुंबई विमानतळावर आम्ही भरलेली बॅग पुन्हा उपसत होतो. भाच्याने पॉवरबँक मोठ्या बॅगेत टाकली होती. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आमची पॉवरबँक २०,००० एमएएचची, म्हणजे ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॅट-तास. हिशेबात बसली.

कॅमेरा कॅनन १५००डी. त्याच्या एलपी-ई१० जातीच्या दोन बॅटऱ्या माझ्याकडे आहेत, एक कॅमेऱ्याबरोबर आलेली आणि एक मागाहून घेतलेली. दोघींवर नेलपेंटने १ आणि २ असे आकडे घातलेत, पिनांवर चिकटपट्टी लावली. एका बॅटरीत जेमतेम साडेसहा वॅट-तास असतात. भाच्याने लगेच गणित मांडलं, "मावशी, या पॉवरबँकेत तुझ्या अकरा बॅटऱ्या मावतात, पण एकही भरता येत नाही." ते खरंच होतं. या कॅमेऱ्यात यूएसबीने चार्जिंग होत नाही. बॅटरी बाहेर काढायची, तिच्या चार्जरमध्ये बसवायची आणि चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावायचा, एवढा एकच रस्ता.

बाबांचा जुना पॉवरशॉट ए५९०ही त्याने सोबत घेतला होता. २००८चा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. बाबा गेल्यापासून कपाटातच होता. "सेल काय, कुठेही मिळतील," म्हणत त्याने तो रिकामाच आणला.

चंडीगडला ठरवलेली गाडी उभी होती. सिमला ओलांडून नारकंड्याला पोचेपर्यंत रात्र झाली. फोटो नाहीत.

दिवस दुसरा: कल्पा

दसरा. सतलजच्या काठाकाठाने रामपूर, मग रिकाँग पिओ आणि तिथून वर चढून कल्पा, २,९६० मीटर. आमच्या खोलीच्या खिडकीत आख्खा किन्नर कैलास. खिडकीच्या फळीवर कॅमेरा, दोन लेन्स, दोन बॅटऱ्या आणि चार्जर मांडला, नाशिकहून वहीत घालून आणलेली आपट्याची पानं वाहिली. भाच्याने वाकून नमस्कार केला, म्हणाला, "सोनं घे मावशी." परक्या गावात दसरा इतका छान होईल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी समोरच्या शिखरांवर ऊन चढत गेलं. पिवळं, मग केशरी, मग गुलाबी. कड्यावरचं ते शिवलिंग, ७९ फुटांचं म्हणतात, उघड्या डोळ्यांना काडीएवढं दिसतं. मी स्क्रीनवर बघून, मोठं करून, पुन्हा बघून फोटो काढत राहिले. स्क्रीन लावून काम केलं की या कॅमेऱ्याची बॅटरी निम्म्याहूनही कमी पुरते. डोळा कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला लावून काढले तर कंपनी सुमारे ५०० फोटोंचा भरवसा देते. मला हे पाठ आहे, तरी त्या संध्याकाळी पाळवलं नाही.

रात्री दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीने भरल्या. पलंगाच्या डोक्याशी, पडद्याआड एक सॉकेट होतं, तिथे.

दिवस तिसरा: खाब, नाको

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. पुलावर उभं राहून दोन पाण्यांचे दोन रंग निवांत टिपले. पुढे रस्ता डोंगराला वळसे घेत वर चढतो आणि झाडं संपतात. नाकोचं तळं ३,६०० मीटरच्या वर, काठाला पिवळे पडलेले विलो आणि पॉपलर. पाण्यात पिवळं, वर निळं. दोनशेच्या वर फोटो झाले असतील. एक नंबरची बॅटरी लाल दिवा दाखवून बंद पडली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. रात्री भरू की.

रात्री चार्जरचा खण उघडला तर रिकामा. बॅग उलटी केली, कपडे झटकले, गाडीच्या सीटखाली टॉर्च मारला. मग आठवलं. सकाळी दोन नंबरची बॅटरी खोबणीतून काढून घेतली होती आणि चार्जर पडद्याआड तसाच राहिला होता.

पोटात खड्डा पडला. तीन दिवसांनी कोजागरी होती आणि कोजागरीच्या चांदण्यात स्पितीतल्या 'की' गावच्या मठाचा फोटो काढायचा, या एका गोष्टीसाठी मी वर्षभर सुट्टी साठवली होती. हातात एक भरलेली बॅटरी, एक रिकामी.

कल्पाला फोन लावला. मालकांनी खोलीत जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "मिल गया बहनजी. कल की बस तो सवेरे निकल जाएगी, परसों वाली में ड्रायव्हर के हाथ भेज दूँगा." पिओहून काझाला रोज सरकारी बस जाते. औषधं, गाडीचे सुटे भाग, लग्नाच्या पत्रिका, सगळं तिच्यातूनच वर चढतं. माझा चार्जरही तसाच येणार होता.

झोपण्याआधी भाच्याने कॅमेऱ्याचा मेनू हातात घेतला. फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवणं बंद, वायफाय बंद, स्क्रीन लगेच विझेल अशी बेतली. तिवईवर असताना लेन्समधलं कंप रोखणारं बटणही बंद ठेवायचं ठरलं. शिध्यासारखं माप ठरवलं, दिवसाला पन्नास फोटो.

दिवस चौथा: ताबो, काझा

ताबोचा मठ इसवी सन ९९६चा. मातीच्या भिंती बाहेरून इतक्या साध्या की आत काय असेल याची कल्पनाच येत नाही. आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. डोळे अंधाराला सरावले तशा भिंतींवरून पुढे आलेल्या मूर्ती एकेक करून दिसू लागल्या. निळा, गेरू, सोन्याची पुसट रेघ. भिक्षूंनी टॉर्चचा उजेड थोडा थोडा सरकवत नेला आणि आम्ही त्या उजेडामागून चालत गेलो. तासभर तरी होतो.

काझाला पोचताच बाजार. पासपोर्ट फोटो काढून देणाऱ्या स्टुडिओत दुसऱ्याच कंपनीचा कॅमेरा होता. त्यांच्याकडे कॅननचीच एक जुनी बॅटरी निघाली, पण ती दुसऱ्या जातीची. एकाच कंपनीच्या बॅटऱ्यांतही खाच वेगळी, पिना वेगळ्या, आकार वेगळा. एलपी-ई१७च्या चार्जरमध्ये एलपी-ई१० बसत नाही. पुढच्या मोबाईलच्या दुकानात दोन सरकत्या तारांचा जुना चार्जर मिळाला, पूर्वी मोबाईलच्या सुट्या बॅटऱ्या ज्यात चिमटीत धरून भरायचे तो. तोही उपयोगाचा नाही. मोबाईलच्या बॅटरीत एक सेल असतो, तो ४.२ व्होल्टला भरतो. माझ्या बॅटरीत दोन सेल एकापुढे एक आहेत, तिला ८.४ लागतात.

मग बाबांच्या कॅमेऱ्याची आठवण झाली. किराणा दुकानात लाल वेष्टनाचे साधे पेन्सिल सेल मिळाले. घातले, लेन्स गुरगुरत बाहेर आली, एक फोटो निघाला, दुसरा निघाला आणि पडद्यावर बॅटरी बदला अशी सूचना. नवे कोरे सेल! भाचा दुकानदाराशी बोलायला निघाला होता, मी त्याला थांबवलं. सेल चांगलेच होते. हे जस्त-कार्बनचे सेल थोडाथोडा प्रवाह बराच काळ देतात. डिजिटल कॅमेरा लेन्स हलवताना, फ्लॅश भरताना एकदम मोठा घोट मागतो. तो द्यायला गेलं की यांचा व्होल्टेज कोसळतो आणि कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले. चौकाजवळच्या एका दुकानात अल्कलाइन सेल मिळाले, चौघांची किंमत लाल सेलांच्या कितीतरी पट. ते घातले आणि कॅमेरा ठणठणीत चालू झाला. निकेलचे पुन्हा भरता येणारे सेल असते तर थंडीत त्याहून बरं झालं असतं, पण ते इथे नव्हते. ए५९०ला डोळा लावायची छोटी काचेची खिडकी आहे. स्क्रीन बंद करून तिच्यातून बघायचं. बाबाही असंच एक डोळा मिटून बघायचे.

लाल सेल टाकून दिले नाहीत. खिशात ठेवले.

दिवस पाचवा: लांगझा, हिक्किम, कॉमिक, परत काझा

सकाळी साडेसात, लांगझा, ४,४०० मीटर. बुद्धाची मोठी मूर्ती, मागे चाऊ चाऊ कांग नील्दा शिखराचं बर्फ. डबक्यांवर बर्फाची साय आली होती. दोन नंबरची बॅटरी आदल्या रात्री तीन रेघा दाखवत होती. अकरावा फोटो काढला आणि कॅमेरा मेला. पडदा काळा. चालू-बंद केलं, काही नाही.

बॅटरी बाहेर काढली. हातात घेतली तर गोठलेल्या दगडासारखी गार. तिला रुमालात गुंडाळून थर्मलच्या आत, काखेशी ठेवली आणि एका घरी चहाला बसलो. थंडीत लिथियम बॅटरीच्या आतलं रसायन मंदावतं, तिचा अंतर्गत रोध वाढतो. वीज आतच असते, पण ती हव्या त्या जोराने बाहेर येत नाही आणि कॅमेरा पाठ फिरवतो. म्हणून थंडीत बंद पडलेल्या बॅटरीला संपली म्हणू नये. घरात तंदूर पेटलेला होता, इकडे खोली ऊबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात. भाचा म्हणाला, "मावशी, दोन मिनिटं त्यावर ठेवू?" मी जवळजवळ ओरडलेच. या बॅटऱ्यांना अंगाची ऊब पुरे. शेगडीवर त्या फुगतात, पेटूही शकतात.

घरातल्या आजींना आमचं काय चाललंय ते बघायचं होतं. त्यांना हिंदी थोडं येत होतं. भिंतीवर एक घड्याळ होतं, काटे सव्वादोनवर थांबलेले. भाच्याने ते उतरवलं, मागचा गंजलेला सेल काढला आणि कॅमेऱ्याने नाकारलेला लाल सेल बसवला. टिक टिक सुरू झालं. घड्याळाला लागतो तो इतकुसा प्रवाह, तो या सेलांना सहज झेपतो. आजींनी घड्याळ कानाला लावलं आणि हसल्या. दुसरा सेलही त्यांनाच दिला, पुढच्या वेळेसाठी. छतावर त्यांची सौर पाटी होती, तिच्यावर दिवसा मोबाईल भरतो आणि रात्री एक दिवा जळतो. भाच्याचा फोन लावायला त्या तयार होत्या, पण आमच्याकडे पॉवरबँक होती. त्यांच्या दिव्याची वीज कशाला घ्यायची?

वीस मिनिटांनी बॅटरी कॅमेऱ्यात घातली. दोन रेघा! त्या दिवशी तिने आणखी बेचाळीस फोटो दिले. दर दहा फोटोंनंतर काढायची, काखेत ठेवायची, पुन्हा घालायची. हिक्किमच्या टपाल कचेरीतून, १९८३ पासून चालू आहे ती, पिन १७२११४, घरी पत्र टाकलं. कॉमिकला वारा इतका की बाबांच्या कॅमेऱ्यावरच भागवलं.

दुपारी काझाला परतलो तर फोन आला. पूहच्या पुढे दरड आली होती, बस अडकली, आज येत नाही.

पुन्हा मोबाईलच्या दुकानात गेले. दुरुस्ती करणारा मुलगा पंचविशीचा असेल. त्याने बॅटरी हातात घेतली, उलटसुलट केली, अधिक-उणे खुणा पाहिल्या आणि टेबलावरच्या डीसी सप्लायकडे बोट दाखवलं. मोबाईल दुरुस्तीच्या बहुतेक दुकानांत हे यंत्र असतं, दोन बटणं फिरवून व्होल्ट आणि अँपियर ठरवायचे. भाच्याने मध्येच विचारलं होतं की गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला थेट का जोडू नये. मुलाने मान हलवली. "आठ पॉईंट चार से ऊपर गया तो फूल जाएगी, आग भी लग सकती है."

त्याने आधी मीटर लावला, एक नंबर ६.६ दाखवत होती. यंत्र ८.४ व्होल्टवर आणलं, प्रवाह ०.३ अँपियरवर बांधला, म्हणजे बॅटरीच्या ८६० एमएएचच्या मानाने बराच हळू. दोन टाचण्या चपट्या करून तांब्याच्या पट्ट्यांवर टेकवल्या, टेपने बांधल्या, लाल आणि काळा चिमटा लावला. बॅटरी एका फरशीच्या तुकड्यावर ठेवली, आजूबाजूचे कागद बाजूला केले. आणि तो स्टुलावरून उठला नाही. दर पाच मिनिटांनी बोटाची पाठ बॅटरीला लावून बघायचा, गरम होते का म्हणून. दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबवलं. हे ज्याला येतं त्यानेच करावं. मी स्वतः घरी कधीच करणार नाही. पण माणूस आपल्या कामाशी इतका चिकटून बसलेला पाहणं हीच केवढी मोठी गोष्ट होती!

पन्नास मिनिटांनी लाईट गेली, आख्ख्या काझाची. हिशेबाने २५० एमएएच भरले होते, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. त्याने पन्नास रुपये घेतले, त्याहून जास्त घ्यायला तयार नव्हता.

दिवस सहावा: की, किब्बर, कोजागरी

सकाळी कीचा मठ, डोंगरावर एकावर एक रचलेल्या पांढऱ्या खोल्या. आत भिक्षूंनी चहा दिला. मी रात्रीची जागा हेरून ठेवली, खालच्या रस्त्याच्या वळणावर, जिथून मठ आणि मागचा कडा दोन्ही एका चौकटीत येतात. किब्बरला भरल, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्या, दिसले, सतरा-अठरांचा कळप. मोठी लेन्स लावून सात फोटो घेतले आणि कॅमेरा बंद केला. चिचमच्या पुलावर, २०१७ साली सुरू झालेला हा पूल, खाली बघितलं तर पोटात गोळा येतो. तिथले फोटो बाबांच्या कॅमेऱ्याने.

साडेपाचला काझाच्या बसथांब्यावर आम्ही दोघं आणि आमचे गाडीवाले दादा. बस आली ती धुळीने पांढरी झालेली. वाहकाने पुढच्या काचेजवळून एक पुडकं काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं, वर निळ्या शाईने हिंदीत "नासिक वाली मैडम, कैमरा". माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसाने दोन दिवस दरडीपाशी अडकून माझा चार्जर सांभाळला होता.

घरमालकिणीला विचारूनच सॉकेटला लावला. लाईट नुकतीच आली होती आणि त्यांनाही पाण्याची मोटर चालवायची होती. त्या म्हणाल्या, आधी तुमचं होऊ द्या. या चार्जरला एक बॅटरी भरायला दोन तास लागतात. दोन नंबर आधी लावली, पण त्यापूर्वी ती खोलीच्या उबेला येऊ दिली. शून्याखालच्या गार बॅटरीला भरायला लावू नये, आतून कायमची बिघडते.

तोवर स्वयंपाकघरात दूध तापत होतं. नाशिकहून केशर, वेलदोडा आणि चारोळी डबीत आणली होती. पाच पेले केले. दूध का, चंद्र का, हे मालकिणीला हिंदीत सांगताना माझी तारांबळ उडाली, पण जागं राहायचं असतं एवढं त्यांना पटलं.

पावणेनऊला निघालो. दादांच्या गाडीत छोटा इन्व्हर्टर होता, सिगारेटच्या सॉकेटला लावून १२ व्होल्टचे २२० करणारा. एक नंबर वाटेत त्यावर लावली.

कीचा मठ समोर आला तेव्हा गाडीचे दिवे बंद केले. चंद्र डोक्याच्या बाजूने चढत होता. मठाच्या भिंती उजेड गिळून पुन्हा बाहेर सोडताहेत असं वाटत होतं. दोन-तीन खिडक्यांत पिवळे दिवे. खाली स्पितीचं पात्र, चांदीच्या तारा विस्कटून टाकाव्यात तसं. तिवई रोवली, एफ ४, आयएसओ ८००, दहा सेकंद. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का नको. पहिला फोटो जरा गडद, दुसऱ्याला बारा सेकंद दिले. मग स्क्रीन बघणं थांबवलं.

दर वीस फोटोंनी भाचा हात पुढे करायचा. "दे मावशी." मी गार बॅटरी त्याच्या हातावर ठेवायची, तो आपल्या छातीशी ठेवलेली ऊबदार बॅटरी माझ्या हातावर. एक नंबर, दोन नंबर, पुन्हा एक नंबर. बोटं बधिर होत होती, पण बॅटरीची ती ऊब तळव्याला कळत होती. साडेअकरापर्यंत बहात्तर फोटो झाले आणि दोन्हींत अजून दम होता.

परत येताना कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. गार कॅमेरा ऊबदार खोलीत उघडा नेला की लेन्सच्या आत दव धरतं. पिशवीवर दव धरू दे, कॅमेरा सकाळीच उघडायचा.

दिवस सातवा: कुंझुम, मनाली

पहाटे पाचला निघालो. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरांच्या वर, गाड्या तिथल्या देवीच्या मंदिराला प्रदक्षिणा घालून पुढे जातात. दादांनीही घातली. बातलपर्यंत रस्ता म्हणजे नदीतले गोटे. पुढे अटल बोगदा, नऊ किलोमीटर, आणि पलीकडे एकदम देवदार.

मनालीत सामान लावताना बाबांच्या कॅमेऱ्यातले अल्कलाइन सेल काढले, सेल आत ठेवून कॅमेरा कपाटात गेला तर ते पाझरतात. वापरलेले चारही सेल एका डबीत घातले, नाशिकला ई-कचऱ्यात द्यायला. चार्जरला भाच्याने लाल दोरा बांधला आणि दोऱ्याचं दुसरं टोक कॅमेऱ्याच्या पट्ट्याला.

मग बाबांच्या कॅमेऱ्यातलं कार्ड बघत बसलो. लांगझाच्या आजींचा एक फोटो त्यात आहे, थोडा हललेला. त्यांनी घड्याळ कानाला धरलंय, काटे सव्वादोनवरून नुकते पुढे सरकलेत.